माझी हार जाहीर करा

१७ मार्च, सोमवार

नवी वही आहे, तर सुरुवात जिंकल्यापासूनच करते. काल तामसीकडच्या एका गावात गाण्याचा सामना झाला आणि आमची पार्टी जिंकली. यंदा सलग सातव्यांदा. तरी माझं डोकं तापलेलं आहे, म्हणून कचेरीत जायच्या आधी लिहून मोकळी होते.

स्टेज छातीएवढं उंच. पायऱ्या म्हणून विटांचे दोन ढीग. मी खाली माझ्या चाकाच्या खुर्चीत, आणि समितीवाले एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. प्रत्येक गावात हेच. पत्रिकेवर माझं नाव महिनाभर आधी छापतात, ‘सुप्रसिद्ध भीमगीत गायिका प्रतिभाताई’, फोटोसकट. ही बाई वर चढणार कशी, हा विचार मात्र मी दारात येऊन उभी ठाकल्यावर. उभी ठाकल्यावर म्हणजे काय, बसल्यावरच. मी दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, तेव्हापासून दोन्ही पाय नावालाच आहेत, आणि हे काही मी गुपित ठेवलेलं नाही.

मग चार पोरं आली आणि मला खुर्चीसकट उचललं. एकाच्या तोंडात तंबाखूचा खर्रा. साडी पोटरीपर्यंत वर सरकली, ती ओढायला माझे हात मोकळे नव्हते, पडू नये म्हणून खुर्ची घट्ट धरलेली. आणि खालून टाळ्या! मी अजून सा लावलेला नाही आणि टाळ्या. जिनिंगमध्ये कापसाची गाठ उचलतात, तेव्हा तरी कोणी टाळ्या वाजवत नाही.

सामना म्हणजे दोन पार्ट्या समोरासमोर. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने त्याच चालीत जवाब द्यायचा, ढोलकीची तीन आवर्तनं संपायच्या आत. बाबासाहेबांचं चरित्र, बुद्धाचा धम्म, सगळं त्यात येतं. आणि मधेमधे एकमेकांची यथेच्छ खेचायची. गायक गायिकेला म्हणतो, चुलीवर दूध ठेवून आलीस, ते ऊतू गेलं. ती त्याच्या टकलावर कडवं रचते. खरं तर अर्धे लोक त्यासाठीच येतात.

काल समोर मारोतराव होते. सत्तरीचे, आवाज फाटलेला. मी त्यांना सोपा सवाल टाकला, म्हाताऱ्या माणसाचा मान राखावा म्हणून. त्यांना ते कळलंही नसेल. त्यांनी माझी एकदाही खेचली नाही, उलट माझ्यावर कौतुकाचं कडवं गायले. माझी कोणीच खेचत नाही. दादा म्हणतो, ‘तुले भेतात, प्रती.’ असेल.

दादा म्हणजे नागेश, माझा थोरला भाऊ, आमची ढोलकी. त्याचं एक बरं आहे. कुठेही गेलो की सामना सुरू व्हायच्या आधी तो समोरच्या पार्टीकडे जाऊन बसतो, चहा घेतो, गोड बोलून येतो. वेळ ठरवायची असते, माईक बघायचे असतात. माझं निम्मं ओझं तोच उचलतो.

२ एप्रिल, बुधवार

तेरा तारखेला तलमडुगुकडे दौलतच्या पार्टीशी सामना ठरला. पैनगंगेच्या पलीकडचा दौलत. शेवटी एकदाचा. गेली तीन वर्षं मी या माणसाची गाणी मोबाईलवर ऐकते आहे. सवाल असा टाकतो की समोरच्याला घाम फुटावा. गेल्या वर्षी किनवटकडच्या एका बाईला त्याने एका तासात रडकुंडीला आणलं होतं, आणि त्या बाईने पुढच्या सामन्यात त्याला. त्याला म्हणतात सामना.

रोज कचेरीतून आल्यावर दोन तास बसते. कोरसवाली रुपा कंटाळते, तिला म्हटलं, घरी जा. आई दारातून म्हणाली, ‘काऊन एवढा जीव काढून राह्यली? जिंकतच असते ना तू.’ तिला काय सांगू? दौलतशी जिंकणं म्हणजे जिंकणं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीची सुट्टी. बाहेर मिरवणुकीची तयारी चालली आहे, सगळे निळ्या फेट्यात, आणि मी खोलीत बसून दात खाते आहे.

काल मी जिंकले. दौलत हरला. दुसऱ्याच सवालाला गप्प झाला. सवाल काय, तर छप्पनच्या दीक्षेत बाबासाहेबांना त्रिशरण कोणत्या भन्तेंनी दिलं. हे आमच्या वस्तीतलं पोरगंही सांगेल, चंद्रमणी महास्थविर. मी तो सवाल नुसता गरम व्हायला टाकला होता. दौलत माईक तोंडाशी धरून बसला, खाली बघत होता. तीन आवर्तनं झाली. लोकांनी जल्लोष केला. पोरं मला खुर्चीसकट उचलून नाचली, मी ओरडत होते की खाली ठेवा, ते त्यांना आनंदच वाटला.

आज सकाळी मोबाईल काढून बघितलं. माझी आठवण चुकत नव्हती. दोन वर्षांपूर्वी याच दौलतने याच सवालाला चार कडव्यांचा जवाब दिला आहे. मधे श्वाससुद्धा घेतला नाही.

मग काल त्याची जीभ कुठे गेली होती?

१५ एप्रिल, मंगळवार

कळलं.

मी दौलतला फोन लावला. आधी उडवाउडवी केली, घसा धरला होता म्हणाला. मी म्हटलं, दौलतभाऊ, घसा धरलेला माणूस शेवटी आभाराचं गाणं तसं गात नाही. मग म्हणाला, ‘ताई, तुमचा भाऊ हात जोडून उभा राह्यला माह्यासमोर. म्हणे, पोरीचं मन नाजूक हाय, सांभाळून घ्या. मी काय करू? सगळ्याच पार्ट्यांले माहीत हाय. तुमाले नाई माहीत?’

नाही, मला नाही माहीत. नऊ वर्षं साऱ्या जिल्ह्याला माहीत होतं आणि मला नाही.

दादा ओट्यावर ढोलकीच्या दोऱ्या आवळत बसला होता. मी विचारलं, खरं का? त्याने मान वर केली नाही. म्हणजे खरं. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, आईने दार लावून घेतलं एवढं पुरे. तो शेवटी म्हणाला, ‘पयल्या सामन्यात तुले पाह्यलं ना मी. त्या भडव्यानं तुह्या पायावर गायलं अन् तू तीन दिवस जेवली नाई. मले ते पुन्हा पाहाचं नव्हतं.’

तो पहिला सामना मला शब्दन् शब्द आठवतो. नऊ वर्षांपूर्वीचा, मी बावीसची होते. समोरच्याने गायलं होतं, ‘पायावरती उभी न राहे, सामन्यात काय राहील उभी?’ लोक फिदीफिदी हसले. पण मला रडू आलं नव्हतं. माझ्या ओठावर जवाब तयार होता:

‘सामना होतो गळ्यानं बुवा, पायानं होते पळ,
उभा राहून तूच पळशील, बसून माझं बळ.’

पेटीवर बोट ठेवलं आणि तेवढ्यात दादाने ढोलकी टाकली, मला उचललं आणि स्टेजवरून उतरवून सरळ जीपमध्ये नेऊन बसवलं. सगळ्या गावादेखत. लोकांना वाटलं, पोरगी घाबरून पळाली. तीन दिवस मी जेवले नाही ते त्याच्यामुळे, त्या गाणाऱ्यामुळे नाही. आज पहिल्यांदा हे त्याला सांगितलं. त्याच्या हातातली दोरी सुटली. ‘तुह्यापाशी जवाब होता?’ एवढंच म्हणाला. मी म्हटलं, तू विचारलं होतंस का?

१९ एप्रिल, शनिवार

घरात चार दिवस बोलणं बंद. मी मोजत बसते. नऊ वर्षांत ऐंशी-पंच्याऐंशी सामने. त्यातले माझ्या गळ्याचे किती आणि दादाच्या हात जोडण्याचे किती, आता कोणाला विचारायचं? कपाटावर बक्षिसाच्या ढाली मांडल्या होत्या, काल त्या सगळ्या पोत्यात भरून खाटेखाली सारल्या. मारोतरावसुद्धा! मी त्यांच्या वयाकडे बघून सोपा सवाल टाकते आणि ते माझ्या पायांकडे बघून गप्प बसतात. माझी गोष्ट वेगळी होती, मी मान राखला. त्यांनी माझी कीव केली.

आणि हे उचलणं. इतकी वर्षं मी समजत होते, त्रास साडीचा आहे, लाजेचा आहे. तेवढंच नाही. जिला चढवायला चार माणसं लागतात, तिला उतरवायलाही कोणीही चालतं, आणि तिचं गाणं संपलं की नाही हे तेच ठरवतात. माझी मी चढले असते, तर त्या पहिल्या सामन्यात दादाला मला असं नेता आलं नसतं. निदान मी चाक धरून बसले असते.

आज पुन्हा दौलतला फोन केला. म्हटलं, मला खरा सामना पाहिजे. तो म्हणाला, बुद्ध पौर्णिमेला नार्नूरच्या पुढच्या एका गावी त्याला कार्यक्रमाची सुपारी आहे, समोरची पार्टी ठरायची आहे. ‘पण ताई, मी सोडणार नाई. मग रडाचं नाई.’ मी म्हटलं, तुम्हीच रुमाल घेऊन या.

२४ एप्रिल, गुरुवार

त्या गावच्या समितीचे अध्यक्ष सुधाकरराव, रिटायर हेडमास्तर. फोनवर जय भीम घातला आणि पुढची दहा मिनिटं मी किती प्रेरणादायी आहे हे मलाच समजावून सांगत होते. मी म्हटलं, सर, माझ्या दोन अटी आहेत. स्टेज दोन फुटांपेक्षा उंच नको, आणि त्याला चोवीस फूट लांबीचा उतार पाहिजे. फुटाला बारा फूट, हा हिशोब आहे, माझ्या मनचा नाही.

‘ताई, आमचे पोरं हायेत ना. फुलासारखं उचलतीन.’

मी फूल नाही, बासष्ट किलोची बाई आहे, आणि मला पोरं नकोत, फळ्या पाहिजेत. ते म्हणाले, चोवीस फुटांत तर पंगत बसते. मी म्हटलं, मग पंगतच बसवा आणि तिलाच गायला लावा. फोन ठेवल्यावर वाटलं, गेली सुपारी. पण संध्याकाळी परत फोन आला, सेंट्रिंगच्या फळ्या मिळतात का बघतो म्हणाले.

५ मे, सोमवार

सुधाकररावांनी फोटो पाठवला. उतार केलाय म्हणे. चार फूट उंच स्टेजला आठ फुटांच्या फळ्या टेकवल्या आहेत, शेळी चढेल फक्त. वर मोठा बोर्ड, ‘दिव्यांग मार्ग’, खाली देणगीदाराचं नाव आणि त्याचा गॉगल घातलेला फोटो. बोर्ड मात्र चांगला दहा फुटांचा. मी उत्तर पाठवलं की या बोर्डावरून चढते, तो जास्त लांब आहे. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. हात जोडलेले बघितले की आता माझ्या अंगाची आग होते.

९ मे, शुक्रवार

दादा परवा सकाळी उटनूरची बस धरून गेला तो आज आला. कुठे गेला होतास, तर काम होतं. मला ठाऊक आहे काय काम असेल ते. त्याच वाटेने पुढे नार्नूर आहे. पुन्हा कोणापुढे हात जोडायला गेला असणार. मी दौलतला विचारलं, तो आईची शपथ घेऊन नाही म्हणाला. शिवाय दादा महाशय अंगठ्याला चिंधी बांधून आलेत. विचारलं तर म्हणे, हातोडी लागली. सामना तीन दिवसांवर आणि ढोलकीवाल्याला हात जपायची अक्कल नाही!

१३ मे, मंगळवार

कचेरीत रजा टाकली आहे. सगळं क्रमाने लिहिते.

काल पाचला सामना सुरू व्हायचा होता. आम्ही चारला पोचलो. ऊन असं की खुर्चीच्या चाकाची कडी हाताला भाजत होती. स्टेज दोन फुटांचं. उतार चोवीस फुटांचा, मी चाकाने मोजला. फळ्या एकसारख्या, सांधे बसवलेले, एकही खिळा वर नाही, कडेला पट्टी मारलेली, चाक घसरू नये म्हणून. त्या गावात एवढं चोख काम कोणी केलं कोण जाणे. सुधाकरराव म्हणाले, ‘झालं ना मनासारखं?’ आणि दादाकडे बघून हसले. दादा ढोलकीवरचं कापड सोडत होता. मी चाकं फिरवत एकटी वर गेले. स्टेजच्या मध्यावर जाऊन माईक पुढे ओढला.

सुधाकरराव लगेच शाल घेऊन आले. मी म्हटलं, आता नको, नंतर. ज्याच्या अंगावर शाल घातली त्याची मग कोणी खेचत नाही, आपल्यात तशी रीतच आहे. त्यांना राग आला, पण शाल घडी घालून परत नेली.

मग दौलत सुटला. पहिल्याच कडव्यात माझ्या कचेरीवर आला: बाई तिथे फाईल दाबते आणि इथे सवाल दाबते. मी त्याच्या रंगवलेल्या मिशीवर गेले. त्याने माझ्या खुर्चीवर कडवं केलं, म्हणाला, खुर्ची सोडवत नाही, आमदार व्हायचंय का. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला कोणीतरी मारत होतं आणि मी मारत होते. रुपाचा कोरस उंच चढला. दादा चिंधी बांधलेल्या अंगठ्याने असा वाजवत होता की मला मागे वळून बघावंसं वाटलं, बघितलं नाही. दौलतचे पाच सवाल मी फोडले, माझे पाच त्याने. खाली लोक मात्र बावरलेले. हसावं की नाही, त्यांना कळत नव्हतं.

मग दौलतने सहावा टाकला:

‘ठेंगणी काया पाहून ज्याची हसत होते जन,
गळ्यात मात्र मध एवढा, थक्क व्हायचं मन,
बुद्ध म्हणाले, गोड गळ्यात हाच भिक्खू अव्वल,
नाव सांग गं त्याचं, नाहीतर ऊठ, घरी चल.’

‘ऊठ, घरी चल’ म्हटल्यावर मांडव एकदम गार झाला. माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी नाव शोधत होते. पहिलं आवर्तन. आनंद नाही, अंगुलीमाल नाही. दुसरं. माझ्याकडे नाव नव्हतं. मागून ढोलकी जरा सैल पडली असती, लय ओढली असती, तर मला चार श्वास जास्त मिळाले असते. दादाने लय ओढली नाही. तिसरं आवर्तन मोजून पुरं केलं, थाप दिली आणि हात मांडीवर ठेवले.

दौलतने जवाब स्वतः गायला. लकुंटक भद्दिय. बुटका भिक्खू. इतर भिक्खू त्याच्या शरीराची टिंगल करायचे, आणि तथागतांनी गोड आवाजात त्याला सर्वांत पहिला म्हटलं. आज सकाळपासून मी हे नाव पुन्हा पुन्हा म्हणते आहे आणि माझा संताप मावत नाही. एवढे सामने गायले, शेकडो सवाल झेलले, आणि हा एक सवाल मला कोणी टाकला नाही. का, तर त्यात शरीर होतं, बाईला लागेल. माझी दया करता करता माझाच माणूस यांनी माझ्यापासून लपवून ठेवला. आणि ज्याने माझी दया केली नाही, त्याने तो मला आणून दिला.

पण खाली आगडोंब. कोणीतरी ओरडलं, ‘अपंग बाईची खेचते, लाज नाई वाटत?’ पाण्याची बाटली येऊन दौलतच्या पेटीवर आदळली. दौलत उठला नाही, पण तोंड उतरलं होतं. सुधाकरराव धावत माईकवर आले. म्हणाले, आजच्या पवित्र दिवशी हार-जीत नको, दोन्ही पार्ट्या बराबरीत, आणि प्रतिभाताईंच्या जिद्दीचा आता विशेष सत्कार. पुन्हा ती शाल.

मी म्हटलं, सर, निकाल सांगा.

ते कानाशी वाकले. ‘ताई, पब्लिक तापलं हाय. तुमच्याच भल्याचं करून राह्यलो.’

मी चाकांचे ब्रेक लावले आणि सांगितलं की निकाल सांगेपर्यंत मी इथून हलणार नाही. त्यांनी पोरांकडे बघितलं. चार पोरं स्टेजवर चढली. दादा उठला. मला वाटलं, झालं, आता हाच उचलणार. तो पुढे आला आणि माझ्या व पोरांच्या मधे, माझ्याकडे पाठ करून, मांडी घालून बसला. ढोलकी मांडीवर घेतली. पोरं थांबली.

मी माईक ओढला. कविता नाही, चाल नाही, नुसतं बोलले.

‘नऊ वर्षं तुमी मले फुकट जिंकवलं. आज पयल्यांदा कोणी माह्यासंगं गायलं, अन् तुमी त्याले बाटल्या मारून राह्यले. दौलतभाऊची पार्टी जिंकली. मी हारली. ते मी सांगून उपयोग नाई, सरांनी सांगावं. मले माही हार पाहिजे.’

सुधाकररावांनी घाम पुसला, शाल आपल्या खांद्यावरून काढून बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली, आणि हजेरी घेताना मास्तर बोलतात तशा आवाजात म्हणाले, ‘सामना दौलतच्या पार्टीनं जिंकला. प्रतिभाताईची पार्टी हारली.’

दौलतने माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली. मग मी ब्रेक काढले आणि उतारावरून एकटी खाली आले.